सात रस्त्यावरची भिंत

महालक्ष्मी स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे थोडे चालले की सात रस्ता येतो. जुने नाव जेकब सर्कल, आजचे संत गाडगे महाराज चौक. मुंबईकरांच्या तोंडी मात्र सात रस्ताच. तेथून साने गुरुजी मार्गाला लागले की कस्तुरबा रुग्णालयाच्या परिसरातच मुंबई मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत दिसते. या मार्गाचे पूर्वीचे नाव आर्थर रोड. १८४२ ते १८४६ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज आर्थर यांची ती आठवण. ज्यांनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, त्यांचेच नाव पुढे तुरुंगाच्या रस्त्यास मिळावे, हा योग विलक्षणच. तुरुंग मात्र लोकांच्या लेखी अजूनही 'आर्थर रोड'च आहे.

फाटकाबाहेर सकाळपासून मुलाखतीसाठी आलेले नातेवाईक ताटकळत असतात. कुणाच्या हाती कपड्यांची पिशवी, कुणाच्या कडेवर मूल. याच गर्दीतून वाट काढीत विधी व समाजकार्य शाखांचे विद्यार्थी आत जातात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईतील बंद्यांसाठी काम करीत आहे. अशा सेवाभावी संस्थांत विद्यार्थी काही आठवड्यांची उमेदवारी करतात. मोबाईल बाहेर ठेवायचा, आत न्यायचे ते वही आणि पेन.

येथील बहुसंख्य बंदी शिक्षा झालेले नाहीत, ते न्यायाधीन आहेत. विद्यार्थ्याचे प्रश्न साधे असतात: कलम कोणते, न्यायालय कोणते, पुढची तारीख कधी, वकील आहे का, घरी कळले आहे का? उत्तरे मात्र सहज मिळत नाहीत. कित्येकांना आपल्या वकिलाचे नाव ठाऊक नसते, घरचा फोन नंबर पाठ नसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा; तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलास पात्र आहे. हे समोर बसून कुणी सांगितल्याखेरीज ज्याच्यासाठी कायदा केला त्यालाच ते कळत नाही.

खरी कसोटी जामीन मंजूर झाल्यानंतर लागते. न्यायालय म्हणते, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मग जामीनदाराचे रेशनकार्ड, पगाराचा दाखला, क्वचित ऐपतीचा दाखला. परप्रांतातून आलेल्या, पदपथावर झोपणाऱ्या मजुराने हा जामीनदार आणावा कोठून? बँकेत कर्जास जामीन मागतात तेव्हा निदान कर्जदाराच्या हाती पैसा पडलेला असतो. येथे माणूस केवळ तारखेस हजर राहील एवढीच हमी हवी असते. त्या हमीची किंमत पैशांत लावण्याची रीत तपासून पाहण्याजोगी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ती १९७८ सालीच तपासली होती. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीन राहण्यास तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. तरीही जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले: जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिनाभरात जामीनपत्र सादर न झाल्यास न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा.

विद्यार्थ्यांचे बरेचसे दिवस याच पाठपुराव्यात जातात. गावाकडे फोन लावणे, मालकाकडून दाखला मिळविणे, अटी सैल करण्याच्या अर्जासाठी प्राधिकरणाच्या वकिलास माहिती पुरविणे. काम कारकुनी वाटते, आणि आहेही. पण एक कागद आला नाही तर एक माणूस आतच राहतो.

फाटकाबाहेर सुटकेच्या आदेशांसाठी एक पेटी असे. २०२१ साली वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. पेटी उघडण्याच्या वेळा ठरलेल्या. सायंकाळची वेळ टळली की आदेश दुसऱ्या दिवसावर. आता आदेश ई-मेलने पाठवावेत असे निर्देश आहेत. तरीही दिवेलागणीच्या सुमारास कुणी ना कुणी फाटकाशी उभा असतो, आजच्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे का, ते विचारीत.