मार्सेय ते ला सिओता : नकाशावरची सफर

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याने मार्सेयहून कासी आणि कासीहून ला सिओता हे अंतर सायकलीने जेमतेम ४० किलोमीटर भरते. सराईत सायकलपटू ते न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या वेळात संपवतो. आम्हां तिघांचा मात्र त्याचा आराखडा सहा महिने चालला आहे, आणि एका थांब्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आधी रस्त्याविषयी. मार्सेयची दक्षिणेकडची उपनगरे मागे पडली की रस्ता चुनखडीच्या उघड्याबोडक्या, पांढऱ्या डोंगरांत शिरतो आणि ३२७ मीटर उंचीच्या जिनेस्त खिंडीवर पोहोचतो. सिंहगडाचा गाडीरस्ता सायकलवरून चढलेल्या माणसाला ही चढण किरकोळ वाटेल. खरी परीक्षा कासीनंतरची. तिथे मिळवलेली सगळी उंची गमावून बंदरापाशी उतरायचे, आणि काप कानायच्या कड्यांवरून जाणाऱ्या सुमारे १५ किलोमीटरच्या शिखरमार्गाला नव्याने भिडायचे. इथे दगड बदलतो, पांढऱ्याचा तांबूस-पिवळा होतो, आणि कडा जवळजवळ ४०० मीटर खाली थेट समुद्रात उतरतो. काही वळणांवर चढ दहा टक्क्यांहून अधिक आहे. पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या मोठ्या चक्राला ३२ दात असावेत, याबाबत आमचे विनातक्रार एकमत झाले. बाकी कशाबाबत इतक्या सहज झाले नाही.

दिशा मात्र भूगोलानेच ठरवली. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे पूर्वेकडे निघालेल्या सायकलस्वाराला समुद्र आपल्याच बाजूला, मध्ये गाड्यांची रांग न येता दिसतो. शिवाय मिस्त्राल हा त्या प्रदेशाचा कुप्रसिद्ध वारा वायव्येकडून येतो, म्हणजे बहुतेक वाट तो पाठीशी राहील. तो फार जोराचा असेल तर शिखरमार्ग बंदच ठेवतात. जून ते सप्टेंबर या काळात वणव्याचा धोका पाहून डोंगरात प्रवेश द्यायचा की नाही, हे रोजच्या रोज ठरते. म्हणून ऑक्टोबर.

आमच्यातल्या एकाला खरे तर ८ जुलै हवा होता. कारण मराठी वाचकाला सांगायला नको. १९१० साली याच तारखेला सावरकरांनी मोरिया बोटीच्या गवाक्षातून मार्सेयच्या बंदरात उडी घेतली. ते धक्क्याला लागले आणि पकडले गेले. पुढे प्रकरण हेगच्या लवादापुढे जाऊन फेब्रुवारी १९११मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. त्या उडीविषयी आणि उडी घेणाऱ्याविषयी आमची तिघांची मते तीन आहेत. पण एक गोष्ट तिघांनाही जाणवली : आमच्या मनात मार्सेय म्हणजे एक गवाक्ष, काही हात पाणी आणि एक धक्का. धक्क्याच्या मागे एक शहर आहे, त्याच्या पाठीशी डोंगर आहेत, हे आम्ही नकाशा उघडेपर्यंत कधी पाहिलेच नव्हते. तारीख वणव्यांपायी सोडावी लागली. बंदर आदल्या संध्याकाळी पायी पाहायचे ठरले.

आराखड्याच्या कामी आमची खरी गुरू सिमोन द बोव्हुआर. १९३१मध्ये ती मार्सेयला शिक्षिका म्हणून आली, आणि सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी व रविवारी, एकटीच याच डोंगरांत तासन्‌तास चालत राहिली. आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात तिने त्या भटकंतीविषयी जे लिहिले आहे त्यात निसर्गवर्णनाइतकीच नकाशे आणि वेळापत्रके आहेत. आधी आखायचे आणि मग हट्टाने तसेच पार पाडायचे, हा तिचा आनंद होता. कासीची ओढ वेगळी. तिथे व्हर्जिनिया वुल्फची बहीण व्हनेसा बेल राहत असे, आणि १९२७च्या मे महिन्यात तिने घरात शिरलेल्या पतंगांविषयी पाठवलेल्या पत्रातून ‘द वेव्ह्‌ज’ या कादंबरीचे बीज पडले. लाटांची कादंबरी पतंगांपासून सुरू झाली! वर्गात हे सांगताना आम्हांला नेहमीच मजा वाटत आली आहे.

आता वादाची जागा. शहराबाहेर पडताना, खिंडीच्या अलीकडे, माझार्ग हे उपनगर लागते. तिथे युद्धात मरण पावलेल्यांची दफनभूमी आहे, आणि तिच्यात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक. सप्टेंबर १९१४च्या अखेरीस लाहोर डिव्हिजन मार्सेयला उतरली. तिच्यात खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. महिन्याभरात न्यव्ह शापेलच्या लढाईत त्यांची भयंकर हानी झाली. फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉर-कचेरीने इंग्रजीत केलेले उतारे आज वाचायला मिळतात. मूळ पत्रे बहुतांशी गेली. म्हणजे त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो भाषांतरातून, तोही ज्याच्यापासून जपून लिहायचे त्याच्याच हातून.

आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की, निसर्गरम्य सफरीत पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायच्या थांब्यासारखी ही जागा बसवणे अशोभनीय आहे. घट्ट, रंगीबेरंगी कपड्यांत, खटखट वाजणारे बूट घालून तिथे दहा मिनिटे उभे राहायचे आणि मग ‘चला, ऊन वाढेल’ म्हणायचे? जायचे तर त्यासाठीच जावे. दुसऱ्याचे उत्तर : जागा वाटेवरच आहे, तिथून न थांबता पुढे जाणे हाही एक निर्णयच ठरेल, आणि वुल्फच्या पतंगांसाठी कासीत तास काढणाऱ्यांना तो शोभणार नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत, हीच अडचण आहे. तूर्त आराखड्यात माझार्गसमोर वेळ लिहिलेली नाही. इतर सर्व ठिकाणांसमोर आहे.

शेवट ला सिओताच्या रेल्वे स्थानकात होईल. ते गावापासून बरेच दूर आहे, हे दमलेल्या पायांनी आधीच लक्षात ठेवलेले बरे. ल्युमिएर बंधूंची ती प्रसिद्ध आगगाडी याच फलाटावर आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे दाखवली गेली तेव्हा त्यांत गाडीचे आगमन होते, समुद्रस्नान होते, आणि चाकांवर स्वार झालेल्या स्त्रिया आणि सैनिक असेही एक चित्र होते. शीर्षकावरून ते सायकलींचेच असावे. तिथून मार्सेयला परतायला प्रादेशिक गाड्या आहेत आणि त्यांत सायकली घेता येतात. एका डब्यात तीन मावतील का, ते फलाटावरच कळेल.