दसरा काढताना कपाटामागे

'डीप क्लीनिंग' हा शब्द अ‍ॅपवर दिसायच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात त्याला शब्द होता: दसरा काढणं. घट बसायच्या आधी आई घरातलं सगळं बाहेर ओढायची. फळीवरची पितळी भांडी, डबे, पडदे, गोधड्या. आम्ही चिखलीत राहतो. लहान असताना गोधड्यांची बोचकी घेऊन मी तिच्यासोबत इंद्रायणीवर जायचे. आता आळंदीपाशी त्याच नदीवर फेस तरंगतो, आणि नळाला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी. त्यामुळे हल्ली आमचा दसरा पंचांगापेक्षा पाण्याच्या पाळीवर ठरतो.

यंदा आईला खोकल्याने बेजार केलं होतं. जिना चढली तरी दम लागायचा. मी म्हटलं, तू हात लावायचा नाहीस, आणि अ‍ॅपवरून माणसं बोलावली. दोन मुलं आली, मशीन घेऊन. चार तास राबली बिचारी. टाइल्समधल्या रेघा पांढऱ्या झाल्या, एक्झॉस्ट फॅनचा चिकटा गेला, नळ चमकायला लागले. मी फोटो काढून पाच स्टार दिले.

आई सगळं बघून आली आणि एकच प्रश्न विचारला, "कपाट हलवलं का?"

नव्हतं हलवलं. अटींमध्ये तसं लिहिलंच होतं: जड फर्निचर हलवलं जाणार नाही. मी टेस्टिंगमध्ये काम करते, मला लाज वाटायला हवी होती. जे समोर दिसतं तेवढंच तपासून 'पास' लिहिणाऱ्यांवर मी ऑफिसात रोज चिडते.

ते लोखंडी कपाट आई-पप्पांच्या लग्नातलं. दर वर्षी आई म्हणायची, यंदा हलवू. पण त्याला दोन माणसं लागतात, आणि पप्पांना त्या दिवसांत सुट्टी नसायची. दसऱ्याआधी गाड्यांची मागणी वाढते, मग सुट्या भागांचीही वाढते. आमच्या पट्ट्यात सणाची साफसफाई आणि ओव्हरटाइम एकाच आठवड्यात येतात.

रविवारी मी आणि पप्पांनी कपाट पुढे ओढलं. मागे जळमटं होती, माझं हरवलेलं कंपास होतं, आणि भिंतीच्या कडेने काळा थर. घरातली धूळ राखाडी असते, फुंकली की उडते. ही जड होती, बोटाला पेन्सिलीसारखी लागत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी फ्रिजवरचा महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला मॅग्नेट आणला आणि जवळ नेला. त्याला काळ्या मिशा फुटल्या.

पप्पा म्हणाले, "बिडाचा चुरा आहे."

पप्पांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये बावीस वर्षं लेथ चालवली. बीड म्हणजे कास्ट आयर्न. स्टीलची चीप लांब, गुंडाळी होऊन निघते. बिडात ग्राफाइट असल्यामुळे ते तुटत तुटत निघतं, त्याची भुकटी होते. कास्टिंगला फाउंड्रीतली वाळूही चिकटलेली असते, तीही त्यात मिसळते. पप्पा घरी आले की कपाटाशेजारच्या खिळ्याला शर्ट-पँट अडकवायचे. खिळा अजून तिथेच आहे.

कामगाराला हात-तोंड धुवायला सोय असावी, कपडे ठेवायला जागा असावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ आणि ४३ कलमांत लिहिलेलं होतं. पप्पांच्या शॉपमध्ये एक नळ होता. त्यामुळे शॉप रोज थोडं थोडं आमच्या घरी यायचं, आणि ते धुवायचं काम आईकडे. ती आधी कपडे गॅलरीत झटकायची. मग वेगळ्या बादलीत, सोडा टाकून भिजवायची. घरात वॉशिंग मशीन आल्यावरही पप्पांचे कपडे ती हातानेच धुवायची. कारण मशीन खराब होईल!

त्या रात्री मी वाचत बसले. १९६५ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात काहींनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. घरचं माणूस तिथे कामाला होतं. त्यातल्या बहुतेक बायका नवऱ्याचे कामाचे कपडे धुवायच्या. बीड म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, एवढं मला कळतं. आईचा खोकला कशाचा हे मॅग्नेट सांगणार नाही. पण फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असते, आणि बारीक होऊन ती फुप्फुसात गेली की काय होतं, हेही मी वाचलं.

मग मला आईसोबत दवाखान्यात गेल्याचं आठवलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "काम काय करता?"

"काही नाही, घरीच असते."

मी शेजारीच बसले होते. मोबाइल बघत होते.

कपाटामागची जागा पप्पांनीच साफ केली. मी झाडू लावू दिला नाही. कोरड्या झाडूने असली बारीक धूळ नुसती हवेत जाते. तोंडाला मास्क, ओलं फडकं, घडी बदलत पुसायचं, आणि ते फडकं परत धुवायचं नाही, पिशवीत बांधून टाकायचं. आई दारातून सूचना देत होती. पप्पा तिला आत येऊ देत नव्हते. गुडघ्यावर बसलेल्या पप्पांना मी पहिल्यांदाच फरशी पुसताना पाहत होते. कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना वेळ लागला. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "मला वाटायचं आंघोळ केली की झालं."

आई म्हणाली, "अहो, खिळ्याखालचं राहिलंय."

मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सांगायचं राहू नये म्हणून मी कागदावर लिहून ठेवलं: बावीस वर्षं, बिडाचं काम, कपडे झटकून हाताने धुतले, आठवड्याला सहा जोड. पप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि पेन मागितलं.

"सहा नाही, सात कर. रविवारचा ओव्हरटाइम असायचा."