ताळेबंद आपल्याच पेढीचा



स्वतःला नावं ठेवण्याची सवय किती जुनी असते, नाही? माझी तर माहेराहून आलेली. गॅसवर दूध, हातात निवडायची मेथी, मधेच फोन, आणि दळण आणायला निघालेली मी अंगणातली रोपं बघत उभी. मोठ्या जाऊबाईंचा स्वयंपाक दहाच्या ठोक्याला झाकून तयार. सामायिकात त्या अठ्ठेचाळीस मिनिटं मूर्तीसारख्या स्थिर, आणि माझं मन सात गावं फिरून येणार. मग दिवसभर आत एकच जप : मी धांदरट, मी आळशी, बी.कॉम. होऊन काय उपयोग!

नातवाचं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून सूनबाई त्याला बुलढाण्याला घेऊन गेली, सोबत मीही होते. डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना वाटलं, हे माझ्याबद्दलच विचारताहेत. पुढे त्यांनी मलाही तपासलं. आधी थायरॉईड, बी-१२, झोप, उदासपणा हे सगळं पाहिलं, बालपणाचं विचारलं. एकसष्टाव्या वर्षी मला नाव कळलं : एडीएचडी.

हा आळस नाही. मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, लहानपणापासून असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. मुलींमध्ये धिंगाणा कमी, हरवल्यासारखं बसणं जास्त, म्हणून त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निकष बदलले. लक्षणं सातऐवजी बारा वर्षांच्या आत दिसलेली चालतील आणि मोठ्यांना सहाऐवजी पाच पुरतील, असं ठरलं.

नाव कळलं, पण आतला जप लगेच थांबला नाही. तेव्हा मला आपल्या शास्त्रातले मासतुष मुनी आठवले. गुरूंनी दिलेले चार शब्द, ‘मा रुष, मा तुष’, म्हणजे रागावू नकोस, हुरळू नकोस. तेवढेही लक्षात राहीनात. ते ‘मासतुष’ म्हणत, लोक हसत. बारा वर्षं तेच घोकलं आणि केवलज्ञान झालं. दिगंबर परंपरेत अशीच कथा शिवभूती मुनींची आहे. त्यांना हा आजार होता असं मला म्हणायचं नाही. पण बरोबरीच्या साधूंचं पाठांतर बघून ते खचले नाहीत, एवढं खरं.

कोणी म्हणेल, प्रतिक्रमणात आपण स्वतःची निंदा करतोच की! करतो, पण दोषाची करतो, आत्म्याची नाही. आणि मिच्छामि दुक्कडं म्हणून तो दोष तिथेच सोडतो. दिवसभर डोक्यावर घेऊन फिरत नाही. मुंगीला दुखवायचं नाही म्हणतो, मग स्वतःच्या जिवाला टोचत राहणं कोणत्या अहिंसेत बसतं?

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला महाप्रसादाच्या मोठ्या पंगती बसतात, पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून पंगतीपर्यंत येते. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुला पुरी का लाटता येत नाही.

आणि कॉमर्सचं शिक्षण इथे कामी आलं. ताळेबंदात यंदाच्या आकड्याशेजारी मागच्या वर्षीचा आकडा असतो, तो त्याच पेढीचा. शेजारच्या दुकानाचा कोणी लिहीत नाही. मीही तसंच करते. मागच्या वर्षी किल्ल्या रोज शोधाव्या लागत. यंदा दाराशी एक खिळा आहे, किल्ली तिथेच. दुधाजवळ उभं राहायचं, नाहीतर गॅस बंद. कामं वहीत, एका वेळी तीनच. सामायिकात माळ हातात असली की मन लवकर परत येतं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध त्यांच्याच सल्ल्याने, रक्तदाब तपासून.

जाऊबाई अजूनही दहाच्या ठोक्याला मोकळ्या होतात. त्यांच्या हाताला गुण आहे, मी आता तो आनंदाने बघते.

तुमच्यापैकी कोणी लहानपणापासून अशीच असेल, तर एकदा डॉक्टरांना जरूर दाखवा. विसरणं अलीकडेच सुरू झालं असेल तर तेही सांगा, त्याचं कारण वेगळं असू शकतं.

नातू आठ वर्षांचा आहे. वही विसरली की तो माझ्याकडे बघतो, आजी आता काय म्हणेल म्हणून. स्वतःशी कसं बोलायचं, हे तो घरातल्या मोठ्यांचं ऐकूनच शिकणार आहे. मी म्हणते, “राहिली ना? चल, खिळ्याजवळ तिची जागा करू.”