चित्रकथांची पाठवणी

कागद सोशिक असतो, असे आपण सहज म्हणून जातो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. टपालाने प्रवास करणाऱ्या कागदाविषयी मात्र तसे म्हणवत नाही. त्यातही जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक आपल्या पाठीवर थोडाफार मार सोसते. चित्रकथेला, ज्यांना मुले कॉमिक्स म्हणतात त्यांना, पाठच नसते. बत्तीसेक पाने, त्यांवर किंचित जाड असे गुळगुळीत मुखपृष्ठ आणि घडीवर मारलेल्या तारेच्या दोन पिना, एवढाच तिचा संसार. कोपरा एकदा दुमडला की ती दुमड जन्माची. घडीवर दाब आला की मुखपृष्ठावरचा रंग तडकतो आणि आतला पांढरा कागद रेघेसारखा उमटतो. अशा एकशे चाळीस नाजूक जीवांना वसईहून बंगळूरला धाडण्याचे काम गेल्या हिवाळ्यात आम्हा उभयतांच्या वाट्याला आले.

हा संग्रह आमच्या थोरल्या बंधूंचा. शाळकरी वयात खाऊच्या पैशांतून त्यांनी तो सुरू केला आणि पुढे बोटीवर नोकरीला लागल्यावरही सोडला नाही. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघू लागली आणि १९९० साली थांबली. त्यांच्या मराठी आवृत्तीतला वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक हे बंधूंचे जिवलग. जोडीला अनंत पै यांच्या अमर चित्र कथा होत्याच. परदेशी बंदरांवरून आणलेल्या दोन इंग्रजी प्रती तर आमच्या घरात फार मानाच्या मानल्या गेल्या. एक, मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनाने १९८० साली काढलेले असिसीकर संत फ्रान्सिसचे चरित्र, ज्याची कल्पना टोकियोत राहणाऱ्या एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंकडून पुढे आली होती. आणि दुसरी, त्याच प्रकाशनाने १९८२ साली काढलेले पोप जॉन पॉल दुसरे यांचे चरित्र. ज्या छापखान्याच्या दुनियेतून कोळीमानव भिंतींवर चढला, त्याच दुनियेतून असिसीचा भिकारीही चालत आला, याचे बंधूंना मोठे कौतुक.

वडीलधाऱ्यांना मात्र ते नव्हते. चित्रकथा वाचणारा मुलगा वाया जातो, असा त्या काळी आमच्या धर्मग्रामात सार्वत्रिक समज होता, आणि तो केवळ आपल्याकडेच होता असे नाही. अमेरिकेत १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एका कॅथलिक शाळेच्या मुलांनी कॉमिक्सची चक्क होळी पेटवली होती. गंमत अशी की, त्याच्या दोनच वर्षे आधी त्याच देशात कॅथलिक शाळांतील मुलांसाठी 'ट्रेझर चेस्ट' नावाचे कॉमिक सुरू झालेले होते आणि ते पुढे १९७२ पर्यंत चालले. एका हाताने जाळायचे आणि दुसऱ्या हाताने छापायचे, हा प्रकार पाहून आम्हांस नेहमी वाटते की छापणारा हात अधिक शहाणा होता.

बंधू निवर्तले तेव्हा संग्रह आमच्या माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत होता. तो तेथेच राहिला असता. पण पुतणीचा फोन आला. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. घरात मराठी बोलली जाते म्हणून त्याला ती कळते, परंतु वाचता येत नाही. शाळेत ती भाषा नाही. बाराखडीचे तक्ते झाले, गोष्टींची पुस्तके झाली, मुलगा काही बधेना. "काका, पप्पांचे वेताळ पाठवाल का? चित्र बघता बघता कदाचित अक्षरांकडे वळेल." एवढेच ती बोलली. आता वेताळ म्हणजे काही व्याकरणाचे पुस्तक नव्हे. परंतु ज्या आजोबांना त्या मुलाने कधी पाहिले नाही, त्यांच्याच बोटांचे ठसे त्या पानांवर आहेत, आणि त्यांतील भाषाही आजोबांचीच. तेव्हा ही पार्सले धडपणे पोहोचणे आम्हांस अगत्याचे वाटू लागले. गुडघे कुरकुरत नसते तर आम्ही स्वतःच घेऊन गेलो असतो.

टपालात काय होऊ शकते याचे प्रात्यक्षिक आम्ही पाहिलेले होते. आमच्या एका स्नेह्यांना जुन्या पुस्तकांच्या कुणा विक्रेत्याने चित्रकथांचा गठ्ठा पाठवला होता. सुतळीने करकचून आवळलेला, वर तपकिरी कागदाचा एकच पदर. सुतळीने चारही कडांना खाचा पाडल्या होत्या, वरची आणि खालची प्रत मधोमध वाकली होती, आणि एका कोपऱ्यावर गठ्ठा कुठेतरी आपटल्याने सगळ्याच प्रतींचे कोपरे एकसारखे चेपले गेले होते. स्नेही टपालवाल्यांवर संतापले. आम्हांस त्यांत टपालवाल्यांचा दोष फारसा दिसला नाही. हजारो थैल्यांच्या ढिगात कोणता गठ्ठा कुणाच्या काळजाचा तुकडा आहे हे त्यांनी ओळखावे कसे? पार्सल कमरेच्या उंचीवरून पडणार, त्यावर दुसरे जड पार्सल बसणार, आणि कुठेतरी ते ओल्या फरशीवर टेकणार, हे धरूनच ते बांधायला हवे.

पहिले काम वाळवणीचे. वसईची दमट हवा कागदाला मानवत नाही. पिना गंजतात, कसर लागते. त्यातच चित्रकथांचा कागद वृत्तपत्री जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. तो उजेडाने आणि अंगच्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून पावसाळा पूर्ण सरू दिला आणि डिसेंबरात, उन्हात नव्हे तर वाऱ्याच्या सावलीत, प्रती तीन दिवस उघड्या ठेवल्या. ओलसर प्रत प्लास्टिकमध्ये बंद केली तर आत बुरशीची शेतीच होते. गंजलेल्या पिना काढाव्यात की काय, यावर घरात दोन मते पडली. सौभाग्यवती म्हणाल्या, काढताना कागदच फाटेल. त्यांचेच ग्राह्य धरले.

मग प्रत्येक प्रत स्वतंत्र पिशवीत. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, पारदर्शक. पीव्हीसीची नको, कारण तिच्यातून निघणारी द्रव्ये काळाने छपाईला चिकटतात. प्रतीच्या पाठीशी आम्लविरहित पांढरा पुठ्ठा. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा प्रवासापुरता चालतो, पण वर्षानुवर्षे तसाच राहिला तर त्याचे पिवळेपण प्रतीत उतरते. आणि पोहोचल्यावर कुणी तो बदलण्याची तसदी घेत नाही, हे आम्ही मनुष्यस्वभावावरून जाणून होतो. पिशवीचे तोंड मागे दुमडून चिकटपट्टी लावायची ती पाठीमागे, आणि तिचे टोक दुमडून एक लहानसा कान ठेवायचा. हा कान महत्त्वाचा. प्रत बाहेर काढताना चिकटपट्टीची कड मुखपृष्ठाला लागली तर ती रंगासकट सोलून निघते. आणि कान नसला की मुलगा कात्री घेणार, हे ठरलेले.

अशा पाच-सहा प्रतींची एक चवड. येथे एक बारीक खुबी आहे. चित्रकथा घडीच्या बाजूला जाड आणि मोकळ्या बाजूला पातळ असते. सगळ्यांच्या घड्या एकाच बाजूला ठेवल्या तर चवड तिरकी होते आणि वरून वजन पडले की वाकते. म्हणून एकीची घडी डावीकडे तर दुसरीची उजवीकडे. मग चवडीच्या वर आणि खाली खोक्याचा नालीदार पुठ्ठा, प्रतीपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठा, म्हणजे आपटल्यास पुठ्ठ्याचा कोपरा चेपेल, प्रतीचा नव्हे. एका बाजूला दोन पुठ्ठे असतील तर त्यांच्या नाळी एकमेकींना आडव्या याव्यात. उभ्या नाळीचा पुठ्ठा एका दिशेने सहज मोडतो, आडवा-उभा जोड मोडत नाही. आणि चवड या पुठ्ठ्यांत सरकता कामा नये. पिशव्यांना धक्का न लावता चवडीभोवती साध्या कागदाचा पट्टा गुंडाळून तो पट्टा पुठ्ठ्याला चिकटवला की ती जागेवर बसते. हे सारे लिहायला वेळ लागतो. करायला त्याहून अधिक लागला. चार रात्री आमचे जेवणाचे टेबल वेताळाच्या ताब्यात होते.

आमच्या आईची पद्धत निराळी होती. तिच्या काळी पार्सल म्हणजे मांजरपाटाच्या कापडात दाभणाने शिवलेले गाठोडे, त्याच्या शिवणीवर लाखेचे ठसे. मेणबत्तीवर लाख वितळल्याचा तो वास अजून नाकात आहे. कापड फाटत नसे, आणि शिवण उसवली तर लगेच दिसे; हे त्या पद्धतीचे मोठेपण. पण कापड धक्का शोषत नाही. धक्क्यावर तिच्याकडे एकच उपाय होता आणि तो तिने चर्चमध्ये पाहिलेला: तीन राजांच्या सणानंतर गोठ्यातल्या मूर्ती पेंढ्यात ठेवताना एकही मूर्ती दुसरीला टेकू देत नाहीत. खोक्यात चवडी रचताना आम्ही तेच केले, फक्त पेंढ्याच्या जागी फुग्यांचे प्लास्टिक आणि कोऱ्या कागदाचे बोळे. वर्तमानपत्राचे बोळे टाळले, शाई लागते. खोके बंद करण्यापूर्वी कानाशी धरून हलवले. आत काही हलल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचे, हा नियम. आमचे दुसरे खोके तीनदा उघडावे लागले.

दोन खोकी का, असे विचारणाऱ्यांस सांगतो: एकच केले असते तर ते उचलणाऱ्याने आदळले असते, आणि हरवले असते तर सगळेच हरवले असते. दोहोंतही थोडे वेताळ, थोड्या अमर चित्र कथा, एकात फ्रान्सिस आणि एकात पोप, अशी वाटणी केली.

टपालाचे दर पूर्वीसारखे राहिले नाहीत. नोंदणीकृत छापील पुस्तकांची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि १ मे २०२५ पासून आलेली 'ज्ञान पोस्ट' ही पाच किलोंपर्यंतच्या पुस्तकांसाठी असली तरी नियतकालिकांना ती लागू नाही. इंद्रजाल तर ठरलेल्या मुदतीने निघणारे. तेव्हा वाद न घालता साधे पार्सल केले. पत्ता बॉलपेनने लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवली, आणि दोन्ही पत्त्यांची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवली, कारण वरचा पत्ता निघून गेला तर आतलाच वाली. पिनकोडचे सहा आकडे लिहिताना श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे स्मरण झाले. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झालेली ही योजना त्या संस्कृत पंडित मराठी माणसाची. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

एक प्रत मात्र शेवटपर्यंत बाजूला राहिली होती. तिचे शेवटचे पान फार पूर्वी फाटून हरवलेले. बंधूंनी सातवीत असताना त्या जागी वहीचे रेघांचे पान घेऊन स्वतः शेवट काढला होता: पेन्सिलीने चार चौकटी, फुग्यांत गिचमिड अक्षरे, आणि खाली ठसठशीत 'समाप्त'. संग्राहकाच्या हिशेबी ही प्रत कवडीमोलाची. कुणी जाणता आम्हांस म्हणालाही, अशा खराब प्रती गाळा, वजन कमी होईल. आम्ही त्या पानासाठी सगळ्यांत चांगली पिशवी राखून ठेवली. पेन्सिल घासून पुसली जाते, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना गुळगुळीत पातळ कागद लावला, दोन कडक पुठ्ठ्यांत ते बसवले, आणि मूळ प्रतीच्या लगेच मागे, चवडीच्या मधोमध ठेवले, जेथे कुठूनही धक्का सर्वांत शेवटी पोहोचेल. ते पान मूळ प्रतीला डकवून टाकावे असा मोह झाला होता. पण डिंकाचा डाग बंधूंच्या अक्षरांवर गेला असता.

टपाल कचेरीत खिडकीपलीकडल्या मुलीने विचारले, "आत काय आहे?" आम्ही म्हणालो, "पुस्तकं." ती म्हणाली, "इतकी नीट बांधलेली?" आणि वजनकाट्यावर तिने खोके अलगद ठेवले. पुढे ते तसे कुणी ठेवले असेल याची खात्री नाही.

आठव्या दिवशी पुतणीचा फोन आला. एका खोक्याचा कोपरा चांगलाच आत गेला होता. आतल्या एकाही प्रतीला काही झाले नव्हते. चिकटपट्टीचे कान धरून मुलाने सगळ्या पिशव्या स्वतः उघडल्या. पंधरवड्याने तो स्वतःच फोनवर आला. पेन्सिलीचे ते पान त्याने अक्षर अक्षर लावून, दोन दिवस खपून वाचले होते आणि त्याची तक्रार होती. आजोबांच्या शेवटात वेताळ गुहेत परत जातो, पण त्याचा पांढरा घोडा पहिल्या चौकटीत झाडाला बांधलेला आहे तो तसाच राहतो. त्याला कुणी सोडतच नाही. म्हणून पुढचे पान तो काढणार आहे, आणि वहीच्या त्या पानाचे नेमके माप त्याला हवे होते, कारण दोन्ही पाने एकाच पिशवीत बसली पाहिजेत.