शून्याच्या खालचं

सहावीचं गणिताचं पुस्तक संपतं ते शून्याच्या खाली. एनसीईआरटीने २०२४ मध्ये आणलेल्या ‘गणित प्रकाश’चं दहावं आणि शेवटचं प्रकरण ऋण संख्यांचं आहे. वर्षभर अपूर्णांक, परिमिती, सममिती असं सगळं उरकून परीक्षा तोंडावर आली, की अकरा-बारा वर्षांच्या पोरांना सांगायचं: आजवर तुम्ही जिथं थांबत होता, तिथून खालीही उतरता येतं. (याच पुस्तकात आधी कुठंतरी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आणि त्यांचा ६१७४ भेटतात. बंगळुरूत राहणाऱ्या माझ्यासारखीला माहेरचं कुणी आल्यासारखं वाटतं.)

२०२५ च्या मार्चमध्ये हे प्रकरण आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन भाषांत चाललं होतं. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात. त्याच्या तोंडी ‘मायनस फाइव्ह’. शेजारी खाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्या जोडप्याची मुलगी. तीही सहावीतच, पण सरकारी कन्नड शाळेत. तिच्या पुस्तकात ‘ऋण पूर्णांक’. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे आकडेमोड कुणाची चुकली यापेक्षा कोण कुठला शब्द वापरतंय याकडेच माझं लक्ष जास्त.

मराठीत या एका आडव्या रेघेला तीन शब्द आहेत. ‘वजा’ अरबीतून फारसीमार्गे आला, तो हिशेबाच्या वहीतला. ‘उणे’ संस्कृत ‘ऊन’पासून आलेला, आणि तो शाळेत जायच्या आधीच आपल्या तोंडात असतो. पाऊण म्हणजे पाव उणा. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस तसेच. नव्याण्णवपाशी मात्र भाषेनं हा नाद का सोडला कोण जाणे. कन्नडमध्ये एकोणीस म्हणजे सरळ दहा आणि नऊ. पण त्यातला ‘ओंबत्तु’, म्हणजे नऊ, हाच मुळात दहाला एक कमी असा घडला आहे, असं भाषाभ्यासक सांगतात. म्हणजे वजाबाकी त्यांच्याकडेही आहेच, फक्त आणखी एक मजला खाली.

तिसरा शब्द ‘ऋण’. तो मराठी, कन्नड, गुजराती, बंगाली अशा कितीतरी भाषांच्या गणितात आहे, आणि गंमत अशी की मराठीत आणि कन्नडमध्ये तो ऐकून सहसा कुणाला पैसे आठवत नाहीत. पैशाच्या देण्याला आपण ‘कर्ज’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘साल’. ‘ऋण’ उरलं ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या ऋणनिर्देशात, मातृऋणात, ऋणानुबंधात. कन्नडमध्येही खाल्ल्या अन्नाचं ‘ऋण’ असतं, सावकाराचं ‘साल’. शब्द वर चढत गेला आणि खालचा अर्थ दुसऱ्यांना देऊन मोकळा झाला.

ब्रह्मगुप्ताच्या काळी असं नव्हतं. ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ त्यानं ६२८ साली लिहिला, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आहेत: दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण सारखे असतील तर शून्य, शून्यातून ऋण काढलं तर धन. ते वाचताना समोर बाजारातला माणूस दिसतो. पुढे १८१७ मध्ये कोलब्रूकनं लंडनमध्ये या भागाचा इंग्रजी अनुवाद छापला तेव्हा धनाला ‘अफर्मेटिव्ह’ आणि ऋणाला ‘निगेटिव्ह’ केलं. गणित म्हणून बिनचूक. पण होकार आणि नकार या दोन शब्दांना कुणाचं काही देणं नसतं. मी अनुवादक आहे, हा निर्णय मला समजतो. मी मात्र तो घेतला नसता.

तर त्या संध्याकाळी प्रश्न होता शून्य वजा उणे पाच. माझ्या मुलाकडे पुस्तकातली लिफ्ट होती, जमिनीच्या वर आणि खाली जाणारी. त्यानं बटणं दाबल्यासारखं करून ‘प्लस फाइव्ह’ सांगितलं. मुलीला ते पटेना. मी तिला ‘ऋण’ म्हणजे ‘साल’ असं सांगितलं. ती थांबली. मग म्हणाली, “आंटी, साल माफ झालं तर पैसे मिळत नाहीत. शून्य होतं फक्त.”

तिला हे माहीत असणारच. तिच्या आईनं बायकांच्या गटातून तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं, दर आठवड्याला हप्ता. एक हप्ता चुकला की वसुलीवाला येऊन गाडीपाशी उभा राहायचा, गिऱ्हाइकांसमोर. त्याच फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला होता. वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरली होती. आमच्या गल्लीत वसुलीवाला तेवढा जरा लांब उभा राहू लागला.

मी तिला विचारलं, कर्ज हातात आलं त्या दिवशी घरात किती होते?

“तीस हजार.” मग स्वतःच, “आणि साल तीस हजार.” आणि थोड्या वेळानं, “म्हणजे शून्य.”

“आता त्या शून्यातून साल काढून टाक.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी लबाडी केली आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, हे तिला पहिलीपासून शिकवलेलं. त्यात तीस हजार बसलेले असू शकतात, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून दुसरे तीस हजार, हे तिच्या घरात घडून गेलं होतं. वहीत पहिल्यांदाच घडत होतं.

तेवढ्यात तिची आई इस्त्रीचे कपडे घेऊन दारात आली. मुलीनं तिला घाईघाईनं सांगितलं, आपल्याकडे त्या दिवशी शून्य होतं. आईनं कपडे मोजून माझ्या हातात दिले. “शून्य कुठलं? व्याज कोण भरतंय?” म्हणाली आणि खाली गेली.

एका संस्थेसाठी मी तेव्हा मुलांच्या गणिताच्या छोट्या पुस्तिका मराठीत करत होते. संपादकांचं म्हणणं, चिन्हाला ‘मायनस’च ठेवू, मुलं तेच बोलतात. बोलतात खरी. मी चिन्हाला ‘उणे’ ठेवलं, संख्येला ‘ऋण’, आणि तिथं एक ओळ जास्तीची घातली: ऋण म्हणजे कर्ज, देणं. त्या ओळीवर आमची बरीच पत्रापत्री झाली. मुलांच्या पुस्तकात कर्ज कशाला, असं त्यांना वाटत होतं. ओळ राहिली.

परीक्षेच्या आधी ती मुलगी आणखी दोनदा आली. एकदा तिनं संख्यारेषेवर घरचा हिशेब मांडला. काकाच्या दवाखान्याला गेलेले, राहिलेले हप्ते, सगळं डावीकडे. मग विचारलं, त्यातून नवी इस्त्री घेतली ती धन ना? माझा मुलगा म्हणाला, घेतली तेवढ्याची लिही. ती म्हणाली, वापरलेली आहे, आता तेवढ्याला कोण घेईल? अर्ध्याची लिहिली. डावीकडे पान संपलं, तेव्हा तिनं वही आडवी केली आणि रेघ मागच्या पानावर ओढत नेली.