पुसला म्हटलं ना!

‘मेनू’ या शब्दाशी माझी ओळख फार जुनी आणि फार गोड आहे. हॉटेलच्या गल्ल्यामागं टांगलेल्या काळ्या फळ्यावरची ती खडूनं लिहिलेली यादी वाचूनच माझं निम्मं पोट भरत असे. त्यामुळं २००९ साली मी सेवानिवृत्त झालो आणि चिरंजीवांनी बंगलोरहून येताना आणलेला डिजिटल कॅमेरा माझ्या हाती ठेवून, “बाबा, आधी दोन्ही मेनू नीट पाहून घ्या,” असं बजावलं, तेव्हा मला उगीचच बरं वाटलं.

पण हे मेनू निराळे निघाले. कॅमेऱ्याच्या पाठीवर तीन इंची पडदा. बटण दाबलं की त्यावर याद्या उमटत. पैकी एक ‘शूटिंग मेनू’. शूटिंग म्हटलं की आमच्या पिढीला एक तर वाघ आठवतो, नाही तर प्रभात स्टुडिओ. इथं दोन्हींचा पत्ता नव्हता. दुसरा ‘प्लेबॅक मेनू’. आता प्लेबॅक म्हणजे पडद्यामागून गाणं, एवढंच आम्हांला ठाऊक. त्यातही गाणं नव्हतं. सोबत अडीचएकशे पानांचं एक पुस्तक होतं. चौतीस वर्षं अकाउंट्स खात्यात काढलेल्या माणसाला पुस्तकाचं भय वाटत नाही. मी तांबडी पेन्सिल कानावर अडकवली आणि पहिल्या पानापासून खुणा करीत, समासात शेरे मारीत निघालो.

“अहो, निवृत्त झालात ना? मग हे कसलं ऑडिट?” सौभाग्यवतींनी विचारलं.

चार दिवसांत एवढं ध्यानात आलं की, या दोन याद्यांमध्ये सगळं आयुष्य वाटून दिलेलं आहे. शूटिंग मेनूत जे करायचं ते बटण दाबण्याआधी. फोटो मोठा हवा की लहान, उजेड कमी असेल तर कॅमेऱ्यानं किती डोळे ताणायचे, उजेडाचा रंग कुठला समजायचा, हे सारं आधी ठरवायचं. आणि प्लेबॅक मेनूत जे करायचं ते नंतर. जे घडलं ते बदलत नाही. पण ते ठेवायचं, पुसायचं, की कुणाला दाखवायचं, एवढं आपल्या हाती.

यांतल्या उजेडाच्या रंगानं माझी पहिली फजिती केली. दिव्याचा उजेड पिवळा असतो आणि दुपारचा उजेड पांढरा. आपले डोळे ही तफावत मुकाट्यानं सांभाळून घेतात; म्हणून दिव्याखालीसुद्धा भात आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला मात्र ते सांगावं लागतं. ‘व्हाइट बॅलन्स’ या सदरात सूर्याचं, ढगाचं, विजेच्या दिव्याचं अशी चित्रं असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी दिव्याचं चित्र निवडलं. कॅमेऱ्यानं समईच्या उजेडातला सारा पिवळेपणा शोषून घेतला आणि आमचा देव्हारा दवाखान्यासारखा पांढराफटक केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चित्र तसंच ठेवून मी अंगणातल्या रांगोळीपाशी हिचा फोटो घेतला. पिवळा शोषण्याच्या नादात कॅमेऱ्यानं ही निळी करून दिली. अगदी कृष्णासारखी.

“पाडव्याच्या दिवशी बायकोचं हे असं रूप?” ही म्हणाली. मी मुकाट्यानं प्लेबॅकमध्ये जाऊन तो फोटो पुसला. केराच्या टोपलीचं चित्र असलेलं बटण एकदा दाबलं की कॅमेरा विचारतो, खरंच पुसू? पुन्हा दाबलं की पुसतो. संसारात ही दुसऱ्यांदा विचारण्याची सोय नसल्यामुळं किती घोटाळे होतात, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं.

पूर्वी हे नव्हतं. तरुणपणी माझ्याकडं आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल संपेपर्यंत कधी कधी दोन सण लोटत. मग तो धुवायला टाकायचा आणि वाट पाहायची. फोटोतल्या माणसाला तो दिसेपर्यंत तक्रारीची मुदत टळून गेलेली असे. पुढं १९७५ साली अमेरिकेत कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जुळवला. तो एक फोटो कॅसेटच्या फितीवर साठवायला तेवीस सेकंद घेई. आणि १९९५ साली कॅसिओ कंपनीच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्यानं पाठीवर पडदा बसवून घेऊन घरोघरी जायला सुरुवात केली. झालं! त्या दिवसापासून फोटोतलं माणूस लगेच म्हणू लागलं, “बघू? शी! पूस आधी तो!”

हे वाक्य मला आयुष्यात सर्वांत जड गेलं ते त्याच दिवाळीच्या भाऊबीजेला, वाईला.

वाईला माझी आक्का राहायची. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आक्कानं मला आपल्या सासरी आणलं आणि मॅट्रिक होईपर्यंत आपल्या मुलांबरोबर वाढवलं. भाऊबीजेला मी खंबाटकीचा घाट ओलांडून वाईला गेलो नाही असं क्वचितच झालं असेल. इतक्या वर्षांत तिचे फोटो मात्र दोनच. एक लग्नातला, आणि एक थोरल्या भाच्याच्या मुंजीतला, ज्यात ती चाळीस माणसांच्या घोळक्यात कपाळाला आठी घालून उभी आहे. क्लिक थ्रीसमोर ती कधी थांबलीच नाही. मी तिला टिपायला जावं आणि फोटोत नुसता तिचा पदर यावा.

त्या संध्याकाळी तिनं माजघरात पाट मांडला, रांगोळी काढली, अंगणात जाऊन आधी चंद्राला ओवाळलं. मी पाटावर बसलो, पण कॅमेरा मांडीवर उपरण्याखाली. या खेपेला तयारी चोख होती. फ्लॅश बंद, कारण फ्लॅश निरांजनाला खाऊन टाकतो. उजेडाच्या रंगापुढं मुद्दाम सूर्याचं चित्र, म्हणजे दिव्याचा पिवळा पिवळाच राहतो. आणि आयएसओ सोळाशे. थोडे रवाळ दाणे येतील, येईनात!

आक्का तबक घेऊन पुढं झाली आणि थांबली. “अरे बाळ्या, टोपी कुठाय? बोडक्या डोक्यानं ओवाळून घेतोस?” टोपी मोटारीत राहिली होती. मी घाईघाईनं खिशातला हातरुमाल डोक्यावर ठेवला. तो घसरून नाकावर आला. आणि आक्का हसली. कवळी काढून ठेवलेली, तोंडाचं बोळकं, निरांजनाचा उजेड खालून चेहऱ्यावर आलेला. मी उपरणं बाजूला सारून, श्वास रोखून, बटण दाबलं.

खटक् असा आवाज झालाच. ओवाळणं संपताच आक्का म्हणाली, “दाखव.”

मी दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला. “ही मी? हसतेय की रडतेय? पूस तो.”

“अगं, किती छान आलाय!”

“मेल्यावर भिंतीला टांगायला काढलास ना?” ती शांतपणे म्हणाली. “आत्ताच्या आत्ता पूस.”

मला उत्तर सुचेना. कारण मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी ते खरंच होतं. मी कॅमेरा घेऊन ओटीवर गेलो. केराच्या टोपलीवर बोट ठेवलं, एकदा दाबलंही. ‘खरंच पुसू?’ कॅमेऱ्यानं विचारलं. मी परत फिरलो. पिशवीतलं पुस्तक काढून प्लेबॅक मेनूचं प्रकरण उघडलं. एक होतं ‘प्रोटेक्ट’, किल्लीचं चित्र असलेलं. त्यानं फोटो चुकून पुसला जात नाही, पण दिसत राहतो. आणि एक होतं ‘हाइड इमेज’. त्यावर खूण केली की फोटो कार्डावर राहतो. पण एरवी पडद्यावर येत नाही. मी खूण केली. मग आत जाऊन आक्काला दाखवलं: आकाशकंदील, त्यापुढं रांगोळी, त्यापुढं थेट तिचा नातू फुलबाजी लावताना.

“पुसलास?”

“पुसला.”

“नक्की?”

“पुसला म्हटलं ना!”

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि अनारसे काढायला आत गेली.

पुढच्या गुढीपाडव्यानंतर पंधरा दिवसांनी आक्का झोपेतच गेली.

दिवसवार आटोपले आणि भाचा पुण्याला आमच्याकडं आला. चहा झाल्यावर म्हणाला, “मामा, तुमच्याकडं आईचा एक फोटो आहे ना?”

माझ्या हातातली बशी हलली. “तुला कुणी सांगितलं?”

“आईनंच. जाण्यापूर्वी महिनाभर हिच्यापाशी बोलली होती. म्हणाली, बाळ्यानं पुसला म्हणून सांगितलंन्, पण पुसलेला नाही. खरं असलं की तो एकदाच सांगतो. खोटं असलं की ‘म्हटलं ना’ जोडतो. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. मी गेले की मागून घ्या.”

मी उठून कपाटातून कॅमेरा काढला. हात कापत होते. आणि मग ध्यानात आलं की, फोटो सापडत नाही. आकाशकंदील, रांगोळी, नातू. पुन्हा आकाशकंदील, रांगोळी, नातू. सहा महिन्यांत मी त्या फोटोकडं फिरकलो नव्हतो. वचन मोडल्याची लाज वाटत होती म्हणा ना. तो कुठल्या मार्गानं दडवला हे साफ विसरलो होतो, आणि आता तर दडवला की खरंच पुसला, हीच शंका येऊ लागली. टोपलीचं बटण एकदा दाबल्याचं आठवत होतं. एकदाच की दोनदा?

त्यातून आणखी एक आठवलं आणि घाम फुटला. कार्ड भरत आलं म्हणून ते ‘फॉरमॅट’ करावं असा महिनाभर माझा विचार चालला होता. फॉरमॅट म्हणजे सरसकट साफसफाई. ती किल्ली लावलेलं पाहत नाही की लपवलेलं पाहत नाही. केवळ आळसानं राहिलं होतं. की तेही केलं होतं? पण नाही, आकाशकंदील होता, म्हणजे कार्ड तेच होतं.

शेवटी मदतीला आली ती माझी तांबडी पेन्सिल. ही म्हणाली, “अहो, तुमचं ते पुस्तक बघा ना. समासात काहीतरी खरडायची सवय आहे तुम्हांला.” मी पानं उलटीत गेलो. प्लेबॅक मेनूच्या प्रकरणात, ‘हाइड इमेज’ या मथळ्यापुढं, माझ्याच हस्ताक्षरात एकच शब्द होता: ‘आक्का’.

त्या सदरात लपवलेले फोटो लहान चौकोनांत दिसतात. त्यावर येऊन एक बटण दाबून धरलं की फोटो पडदाभर होतो. बोट उचललं की पुन्हा लहान. मी दाबून धरलं. आक्का हसत होती. भाचा माझ्या खांद्यावरून पाहत होता. आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोट दुखेपर्यंत मी बटण सोडलं नाही.

त्या फोटोची मोठी प्रत काढायला दिली, तर दुकानातल्या यंत्रानं तिचा पिवळा रंग काढून टाकून आक्काला ट्यूबलाइटखाली आणून उभं केलं. मी प्रत परत केली. “दुरुस्त करू नका. पिवळाच राहू दे. तो निरांजनाचा आहे,” म्हटलं. दुसरी प्रत आली ती आजही वाईला माजघरात, जिथं पाट मांडला होता त्याच्यासमोरच्या भिंतीवर आहे. आक्कानं नको म्हटलेल्या जागी, पण आक्कानंच मागून घ्या म्हटलेली.

आता घरातले सगळे फोनवरच फोटो काढतात. फोन मोठा उदार आहे. पुसलेला फोटोही तो बहुधा तीस दिवस सांभाळून ठेवतो, मन बदललं तर म्हणून. माझा कॅमेरा कपाटात असतो. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, मी त्याची बॅटरी भरतो. ते जुनं कार्ड त्यात घालतो. आक्काच्या फोटोवरची लपवल्याची खूण मी अजून काढलेली नाही. प्लेबॅक मेनूत जायचं, ते सदर उघडायचं, बटण दाबून धरायचं. धरून ठेवू तेवढा वेळ ती हसते.

गेल्या भाऊबीजेला मी असाच बसलो होतो. आतून ही म्हणाली, “अहो, कपाट आवरतेय. त्या कॅमेऱ्यातले जुने फोटो पुसलेत का एकदाचे?”

“पुसले.”

“नक्की?”

“पुसले म्हटलं ना!”

आत क्षणभर शांतता झाली. मग हिचं हसू ऐकू आलं.