‘शक्ती’ परत आली, पण...

दोस्तांनो, आपला लाडका खेळाडू निवृत्त झाला की काय वाटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. टीम तीच, टोपी तीच, पण त्याच्या जागी बॅट घेऊन येतो कुणी दुसराच. त्यानं चौकार मारला तरी आपल्या टाळ्या जरा कमीच पडतात. मनात म्हणतो, ‘आपला असता तर छक्काच मारला असता!’

गाण्याबजावण्याच्या जगातही असंच होतं बरं का. बँड म्हटलं की आपल्याला आधी वरातीतला बँड आठवतो. पण चार-पाच वादक-गायक एकत्र येतात, एक नाव घेतात आणि वर्षानुवर्षं मिळून वाजवतात, त्यालाही बँडच म्हणतात. माझी नववीतली लेक कोरियाच्या ‘बीटीएस’ची भक्त आहे. त्या बँडमधल्या सातही जणांना एकामागून एक देशाच्या सक्तीच्या सेवेत जावं लागलं. जून २०२५ पर्यंत सगळ्यांची सेवा संपली. त्या दिवसांत ती मला रोज विचारायची, “बाबा, ते परत आल्यावर पहिल्यासारखेच असतील ना?”

मी तिला म्हटलं, “बस इथं. तुला माझ्या बँडची गोष्ट सांगतो.” तीच आज तुम्हालाही सांगतो.

माझ्या बँडचं नाव ‘शक्ती’. त्याची नि माझी ओळख झाली १९८८ साली, आमच्या बर्डीत. सीताबर्डी हे नाव पाटीवर आणि पत्त्यात. बोलताना आम्ही नागपूरकर ‘बर्डी’च म्हणतो. मोदी नंबर तीनच्या गल्लीत आमचं घर होतं आणि मी सातवीत होतो. मेन रोडवरचा गलका दिवसभर घरात यायचा. त्या गलक्यावर मात करून मामाचा टेपरेकॉर्डर वाजायचा. एका दुपारी त्यानं एक कॅसेट लावली. आधी वाटलं, कुणीतरी घाईघाईनं भांडतंय! एक गिटार, एक व्हायोलिन, एक तबला आणि टणटण वाजणारं काहीतरी, सगळे एकमेकांच्या मागे पळत होते.

मी विचारलं, “मामा, यात गाणं केव्हा सुरू होईल?”

मामा हसला. “अबे, हे गाणं नाही, गप्पा आहेत. कोण कोणाशी बोलून राहिलं, ते ऐक.”

त्या एका वाक्यानं माझे कान उघडले. खरंच, गिटार काहीतरी विचारायची आणि व्हायोलिन उत्तर द्यायचं. तबला मध्येच कोपरखळी मारायचा. तो अठरा मिनिटांचा तुकडा संपला तेव्हा मी मामाला म्हटलं, “परत लाव.”

आता ही माणसं कोण, ते सांगतो. गिटार वाजवणारे जॉन मॅकलॉक्लिन इंग्लंडचे. अमेरिकेत जाऊन त्यांनी जॅझ संगीतात मोठं नाव कमावलं, मग भारतीय संगीताच्या ओढीनं वीणेचे धडे घेतले. व्हायोलिनवर एल. शंकर. तबल्यावर आपल्या मुंबईचे, माहीमचे झाकीर हुसेन. आणि ते टणटण वाजणारं वाद्य म्हणजे घटम. घटम हे चक्क मातीचं मडकं! वादक ते मांडीवर घेतो, त्याचं तोंड पोटाशी धरतो आणि बोटं, नखं, मनगट, सगळ्यांनी वाजवतो. मडक्याचं तोंड पोटापासून जरा दूर केलं की आवाज बदलतो. टी. एच. विक्कू विनायकराम या वाद्याचे उस्ताद. १९७० च्या दशकात ही मंडळी एकत्र आली. एक इंग्रज, एक उत्तर हिंदुस्थानी तालमीचा तबलजी आणि दोघे दक्षिणेच्या कर्नाटक संगीतातले. अशी मोट तोवर क्वचितच कुणी बांधली असेल.

मॅकलॉक्लिन यांची गिटारही साधी नव्हती. नेहमीच्या सहा तारांच्या खालून तिरप्या जाणाऱ्या आणखी सात तारा तिला बसवल्या होत्या. सतारीच्या तरफांसारख्या त्या आपोआप गुंजायच्या. पट्ट्यांमधलं लाकूडही कोरून खोलगट केलं होतं, म्हणजे तार दाबून-ओढून मींड काढता यावी. आपल्या संगीताशी बोलायचं तर आपलं वाद्यसुद्धा बदलायची तयारी हवी, हे त्या माणसानं करून दाखवलं.

मी तर वेडाच झालो. पॉकेटमनीतून कोऱ्या कॅसेटी आणून मामाच्या तिन्ही कॅसेटी भरून घेतल्या. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे काम तर रोजचंच. आणि मग एक दिवस मामानं सांगितलं, “हा बँड राहिलाच नाही आता. १९७८ मध्येच सगळे आपापल्या वाटेनं गेले.”

म्हणजे बघा, मी ज्यांच्यावर जीव टाकत होतो, ते दहा वर्षांपूर्वीच पांगले होते! मला फार एकटं वाटलं. वर्गात कुणाला सांगावं, तर शक्ती हे नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढे १९९७ मध्ये शक्ती परत आली. १९९९ साली त्या मैफिलींचा अल्बम निघाला. माझं कॉलेज तोवर संपलं होतं. मित्राकडे सीडी प्लेअर होता, त्याच्याकडे जाऊन ऐकला. हात थरथरत होते. आणि कव्हरवर वाचतो तर काय, एल. शंकर नाहीत! व्हायोलिनच नाही. त्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी. हरिप्रसादजी किती थोर, हे सांगायची गरज नाही. पण माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ‘माझं व्हायोलिन कुठे गेलं?’

एक गोष्ट मात्र मला आवडली. त्यांनी नुसतं ‘शक्ती’ हे नाव लावलं नव्हतं. नव्या जमावाचं नाव होतं ‘रिमेंबर शक्ती’. म्हणजे, ‘शक्तीची आठवण ठेवा’. आम्ही तेच आहोत असा दावा नाही आणि जुनं विसरा असाही आग्रह नाही. किती प्रामाणिक नाव!

त्या अल्बममध्ये ‘लोटस फीट’ नावाची रचना होती. हीच रचना मामाच्या पहिल्या कॅसेटवर होती, १९७५ च्या मैफिलीतली. मी दोन्ही पाठोपाठ ऐकल्या. जुन्यात व्हायोलिन. नव्यात बासरी, तिच्यात वादकाचा श्वासच ऐकू येतो. मग २००० साली ‘द बिलीव्हर’ अल्बम आला. त्यात पुन्हा ‘लोटस फीट’, पण आता बासरीच्या जागी यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन. पाश्चात्य वाद्य, पण त्यांच्या हातात ते अस्सल कर्नाटकी बोलायचं. चाल तीच, वाद्यं तीन. मला यातलं सर्वांत जवळचं अजूनही पहिलं व्हायोलिनच वाटतं. सातवीतल्या दुपारी ऐकलं होतं ना ते! पण बासरी ऐकताना त्या चालीत किती थांबण्याच्या जागा आहेत, हे पहिल्यांदा कळलं. त्या आधीपासूनच तिथे होत्या. नवा माणूस आला म्हणून दिसल्या.

असाच दुसरा बदल घटमचा. १९९७ ला विक्कू विनायकराम होते. पुढे त्यांच्या जागेवर आला त्यांचाच मुलगा, व्ही. सेल्वागणेश. तो घटम तर वाजवतोच, पण त्याचं खरं हत्यार कंजिरा. एका हातात धरायचं छोटंसं डफ, त्याला झांजेची एकच जोडी. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी कोणाला माहीत नाही? कंजिरा तिचाच दाक्षिणात्य भाऊ समजा. त्यामुळे सेल्वागणेश मला परका वाटलाच नाही. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळातही असंच घडलं होतं. मृदंग वाजवणारे आजोबा थकले आणि त्यांचा मुलगा बसला. म्हाताऱ्या बाया पहिले काही दिवस म्हणायच्या, “बापाचा हात वेगळाच होता बाप्पा!” म्हणायच्या, पण भजनाला यायचं एकीनंही सोडलं नाही.

मग आला आपला शंकर महादेवन. हो, ‘मन उधाण वाऱ्याचे’ गाणारा आणि ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये पंडितजी झालेला तोच. मुंबईत वाढलेला, संगीतकार श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला. जुन्या शक्तीत गाण्यासाठी वेगळा गायक नव्हता. मुंबईतल्या मैफिलींचा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा अल्बम २००१ साली निघाला, त्यात तो ऐकू आला. वाद्यांच्या गप्पांत एक माणसाचा गळा शिरला. मामाला फोन केला तर तो म्हणाला, “घे! तुला गाणं पाहिजे होतं ना? झालं सुरू!”

पण बदल नेहमी असे गोड नसतात. १९ सप्टेंबर २०१४ ला यू. श्रीनिवास गेले. वय अवघं ४५. त्यानंतर बरीच वर्षं वाटलं, संपलं आता. पण शक्ती पुन्हा आली. या वेळी व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. ‘रिमेंबर’ हा शब्दही गळला, नुसती ‘शक्ती’ राहिली. २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ हा अल्बम निघाला. १९७७ नंतर, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी त्यांचा स्टुडिओत केलेला अल्बम! फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इतक्या वर्षांनी व्हायोलिन परत आलं होतं. वाजवणारे हात वेगळे होते, हे पहिल्या सुरालाच कळलं. तरी माझे डोळे भरून आले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बातमी आली. १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. वय ७३. मॅकलॉक्लिन आणि झाकीर हे दोघेच असे, की जे पहिल्यापासून प्रत्येक शक्तीत होते. बाकी सगळ्या जागा बदलल्या, त्या दोन बदलल्या नव्हत्या. झाकीर जन्मले तेव्हा वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँनी, त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले होते, असं ते स्वतः सांगायचे. त्या दिवशी मी घरात एकही कॅसेट लावली नाही. लावून बघायचा धीरच झाला नाही. मामाचा फोन आला. दोघंही फारसं काही बोललो नाही.

माझ्या लेकीनं त्यावर नेमका प्रश्न विचारला. “बाबा, आता दुसरा तबलजी घेऊन शक्ती परत आली, तर तुम्ही ऐकाल?”

मी तिला म्हटलं, ऐकेन. पण दोनदा ऐकेन. इतक्या वर्षांत माझी ही सवयच होऊन गेली आहे. पहिल्यांदा ऐकायचं ते गेलेल्या माणसासाठी. त्याची जागा आली की ‘इथे तो असता तर’ असं मनसोक्त म्हणायचं, रडू आलं तर रडायचं. त्यात लाज कसली? आपलं प्रेम होतं म्हणून तर आठवण येते. आणि दुसऱ्यांदा ऐकायचं ते आलेल्या माणसासाठी. त्याला तो रिकामा पाट किती मोठा वाटत असेल, याचा विचार करून. बिचारा दुसऱ्याच्या जागेवर बसून स्वतःचं काहीतरी सांगायला धडपडत असतो. ते नीट ऐकून घ्यायचं. मग आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. पण न ऐकताच नापास करायचं नाही.

हे फक्त बँडपुरतं नाही हं. तुमच्या लाडक्या बाई बदलून जातात आणि नव्या बाई येतात. खो-खोच्या टीममधला जिवलग गडी दुसऱ्या गावी जातो आणि त्याच्या जागी एक लाजरा मुलगा उभा राहतो. जुन्याची आठवण मनात ठेवा, नव्याला पाट द्या. दोन्ही एकाच वेळी जमतं.

आणि हो, ‘लोटस फीट’ मिळवून ऐकाच. आधी व्हायोलिनवालं, मग बासरीवालं, मग मेंडोलिनवालं. आईबाबांनाही शेजारी बसवा. तुमच्या घरात कोणाला कोणतं आवडतं, यावरून चांगलं भांडण झालं, तर समजा, ऐकणं नीट झालं!